वाऱ्याची वहिवाट

ज्या गावी वैशाखात पारा चाळिशी ओलांडून जातो, दुपारी सदर बाजारातील दुकानांवर ओली किलतानं लोंबू लागतात आणि रस्त्याने जाणारा मनुष्य सावली पाहून बाजू बदलतो, त्या जालन्यासारख्या गावी राहून थंडीची तक्रार करणे हे थोडे हास्यास्पद आहे, ही गोष्ट मी प्रारंभीच कबूल करून टाकतो. परंतु पौषातल्या पहाटे, पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला असताना, कढत पाण्याचा तांब्या अंगावर ओतून घेतल्यानंतर आणि डोळ्यांत साबण गेल्यामुळे माणूस सर्वथा पराधीन झाला असताना, भिंतीतल्या वीतभर छिद्रातून थंड वाऱ्याचा झोत ओल्या पाठीवर येऊन आदळला, की भूगोलाच्या पुस्तकातले ‘उष्ण व कोरडे हवामान’ हे शब्द काही उपयोगी पडत नाहीत. जुन्या जालन्यातल्या आमच्या घराचे न्हाणीघर नव्याने बांधून घेतल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मला हा अनुभव आला. आणि ज्या पंख्यासाठी ते छिद्र मुद्दाम पाडून घेतले होते तो पंखा उलटा बसला असावा, असा तर्क करून मी मिस्त्रींना बोलावणे धाडले.

मिस्त्रींनी येऊन पंख्याचे बटण दाबले, खिशातली कसलीशी पावती काढली आणि ती जाळीपुढे धरली. ती जाळीला चिकटून बसली. मग त्यांनी बटण बंद केले. पंख्याची पाती थांबली आणि क्षणभराने पावती जाळीवरून सुटून माझ्या अंगावर उडाली.

“पंखा सरळच बसलाय सर,” ते म्हणाले, “वाराच उलटा येतोय.”

या एका वाक्यात प्रस्तुत प्रकरणाचा अर्धाअधिक विषय सामावलेला आहे. ज्याला दुकानदार ‘एक्झॉस’ म्हणतात तो हवा बाहेर फेकणारा पंखा चालतो दिवसाकाठी फार तर तासभर. उरलेले तेवीस तास तो असतो केवळ एक भोक. नाक्यावर शिपाई उभा आहे तोवर येणारा-जाणारा दबकतो, शिपाई जेवायला गेला की गुरेदेखील सरहद्द ओलांडतात. तसेच हे आहे. आणि वारा हा असा पांथस्थ आहे, की त्याला एकदा वाट दिसली म्हणजे तो तिची वहिवाट पाडतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, शेजाऱ्याच्या जागेवरून आपल्या घरात येणाऱ्या उजेडाचा व हवेचा वीस वर्षे निर्वेध उपभोग घेतला तर त्यावर हक्क प्राप्त होतो, अशी तरतूद आहे. वकील मंडळी तिच्यावर पिढ्यान् पिढ्या दिवाणी कचेऱ्यांतून भांडत आली आहेत. वाऱ्याला मात्र वीस वर्षे थांबावे लागत नाही. त्याचा हक्क छिन्नीचा शेवटचा घाव बसतो त्याच क्षणी नोंदला जातो.

भोक किती मोठे? सहा इंची पंख्याचा व्यास पंधरा सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे शाळेच्या पाटीचा एक कोपरा. नऊ इंची घेतला तर ते सव्वादोन पट होते. या दारातून हवेला आत लोटणाऱ्या शक्ती दोन. पहिली तापमानाची. दहा अंशांवरची घनमीटरभर हवा १२४७ ग्रॅम भरते आणि बावीस अंशांवरची ११९६ ग्रॅम (जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच असल्यामुळे दोन्ही आकडे किंचित खाली धरावेत). फरक एक्कावन्न ग्रॅमचा, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांचा. परंतु ज्या घरात तळमजल्यावर न्हाणीघर आहे आणि वर जिन्याच्या डोक्यावर गच्चीचे दार आहे, त्या घरात या हलक्या हवेचा तीन मीटर उंचीचा एक अदृश्य खांब जिन्यातून उभा असतो. तो वरच्या फटीतून निसटत राहतो, आणि त्याची जागा भरण्यासाठी बाहेरची जड, थंड हवा खालच्या भोकातून आत येते. हा दाब दीड पास्कलाच्या आसपास असतो. टेबलावर पसरलेले साध्या कागदाचे दोन ताव टेबलाला जेवढे दडपतात तेवढाच. दुसरी शक्ती वाऱ्याची. ताशी अठरा किलोमीटर वेगाचा वारा, ज्याने झाडांची पाने व लहान डहाळ्या हलतात पण टोपी उडत नाही असा, भिंतीवर येऊन थांबतो तेव्हा तिच्यावर पंधरा पास्कलांचा दाब टाकतो. म्हणजे पहिल्याच्या दसपट. पण पहिली शक्ती रात्रभर, अखंड, कुणाच्या लक्षात न येता राबत असते, आणि म्हणून पहाटेच्या गारठ्याचा खरा मुखत्यार पुष्कळदा तीच असते.

हे मला ग्रंथातून कळले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. ते कळले एका उदबत्तीमुळे. मिस्त्री गेल्यावर मी उदबत्ती पेटवली, न्हाणीघराचे दार उघडे ठेवले, पंखा बंद ठेवला आणि धुराची रेघ कुठे वाकते ते पाहू लागलो. भोकापुढे धूर सरळ घरात वळत होता; त्याचा माग काढीत मी ओसरीवर, तिथून जिन्यात, जिन्यातून वर गेलो, आणि गच्चीच्या दाराच्या माथ्यावर, जिथे लाकूड उन्हाने आक्रसून बोटभर फट पडली होती, तिथे धूर पुन्हा एकदा घाईघाईने बाहेर पडताना दिसला. त्या फटीत मी जुन्या सतरंजीची पट्टी कोंबली. खाली येऊन पाहतो तो भोकापुढचा धूर जवळजवळ उभा राहिला होता. ज्या वाऱ्याबद्दल मी न्हाणीघराच्या भिंतीला दोष देत होतो त्याचे आमंत्रण गच्चीवरून गेले होते! त्या सकाळपासून माझे असे ठाम मत झाले आहे, की घरात येणाऱ्या वाऱ्याचा बंदोबस्त करायचा असेल तर आधी जाणाऱ्या वाऱ्याचा पत्ता काढावा, आणि घरातून हवा बाहेर घालवायची असेल तर आधी येणाऱ्या हवेची वाट आपण स्वतः मुक्रर करावी. ती आपण केली नाही तर हवा आपली वाट आपणच मुक्रर करते, आणि तिची निवड क्वचितच आपल्या सोयीची असते.

न्हाणीघरातच वारा इतका का झोंबतो, याचेही उत्तर देऊन टाकले पाहिजे. ओल्या त्वचेवरचे एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. एवढी उष्णता काढून घेतली तर अठ्ठावन्न ग्रॅम पाणी दहा अंशांनी थंड होईल. वारा नसेल तर अंगालगतची हवा ओलाव्याने तृप्त होते आणि हे शोषण मंदावते. वारा असला की तृप्त हवा दर क्षणी दूर सारली जाते आणि नवी, तहानलेली हवा तिच्या जागी येते. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने न्हाणारा मनुष्य गार होतो. फरक एवढाच, की माठाची त्याबद्दल तक्रार नसते.

आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या घरांना हा प्रश्न ठाऊक नव्हता असे नाही. जाड मातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी कड्यांवर चिपाट्या अंथरून त्यावर घातलेले पांढऱ्या मातीचे सपाट छत. अशा घराला खिडक्या थोड्या, आणि चुलीच्या वर छताला एक भोक. त्याला आमच्याकडे सवणे म्हणतात. त्यातून धूर जाई, त्यातून उजेड येई, दुपारी उन्हाचा एक कवडसा भिंतीवरून सरकत घरातल्या बायकांना वेळ सांगे. पावसाची पहिली सर ऐकू आली, की ‘अरे, सवणं झाका रे’ अशी हाक उठे आणि एखादे पोर माळवदावर धावत जाऊन त्यावर घमेले पालथे घाली. या व्यवस्थेतली खुबी अशी, की तिथे झडप होती, आणि ती झडप म्हणजे घरातले एक माणूस होते. न्हाणी तर बहुधा परसात, आडोशाला. वारा तिथे यायचाच, आणि त्याला अटकाव करण्याचा कुणी विचारही केला नाही. तांब्याच्या बंबाला मात्र मधोमध स्वतःचे धुराडे असे, आणि धूर कुठून जायचा हे बंब घडवणाऱ्या तांबटाने, घर बांधणाऱ्याला न विचारताच, ठरवून टाकलेले असे. याहून पुरातन दाखला हवा असेल तर हमामाचा आहे. जालन्याच्या काळ्या मशिदीच्या परिसरात जुन्या इमारतींत एक हमाम गणला जातो. आणि हमाम बांधणारे कारागीर बहुधा एक पथ्य पाळीत, की बाहेरचे दार आणि स्नानाची खोली एका सरळ रेषेत येऊ द्यायची नाहीत, मधला मार्ग वळणाचा करायचा. वाऱ्याला वळण आवडत नाही, हे त्यांना गणितावाचून ठाऊक होते.

ज्यांना गणित उत्तम ठाऊक होते त्यांची मात्र कशी फजिती झाली याची हकीकत मनोरंजक आहे. लंडनच्या पार्लमेंटातील सभागृह उकाड्याने कोंदून जाई, म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्तोफर रेन या थोर स्थपतीने त्याच्या छताच्या चारही कोपऱ्यांत चौकोनी भोके पाडून वर लाकडी धुराडी बसवली; उद्देश हा, की सभासदांच्या श्वासाने तापलेली हवा वर निघून जावी. प्रत्यक्षात वरची थंड हवाच त्या भोकांतून खाली कोसळून सभासदांच्या मस्तकांवर येऊ लागली. १७२३ मध्ये देझाग्युलिए नावाच्या शास्त्रज्ञाने या धुराड्यांजवळ शेगड्यांची तजवीज केली, जेणेकरून विस्तवाच्या ओढीने हवा वरच जावी. योजना बिनचूक होती. परंतु वरच्या खोल्यांत राहणाऱ्या मिसेस स्मिथ या कारभारणीला तिथे हा उपद्व्याप नको होता, आणि तिने त्या शेगड्या सभा सुरू होऊन बराच वेळ लोटल्यावर पेटवण्याचा शिरस्ता ठेवला. तोवर थंड हवेने उतरणीची वहिवाट पाडलेली असे! शेवटी १७३६ च्या सुमारास त्याच गृहस्थाने हाताने फिरवण्याचे एक चक्र बसवून दिले, आणि ते फिरवणाऱ्या नोकराला ‘व्हेंटिलेटर’ असे नाव पडले. आपल्या न्हाणीघराच्या झरोक्याला आज आपण जो शब्द लावतो तो एकेकाळी मजुरी घेणाऱ्या माणसाचा हुद्दा होता.

आता इलाजाकडे वळू. सर्वांत सोपा इलाज झडपेचा. पंख्याच्या बाहेरच्या तोंडावर वरून बिजागरीला टांगलेल्या हलक्या पट्ट्यांची एक चौकट मिळते. पंखा सुरू झाला की त्याच्या फुंकरीने पट्ट्या उचलल्या जातात, थांबला की आपल्या भाराने पडतात, आणि समोरून वारा आला तर तोच त्यांना अधिक घट्ट दाबून धरतो. कल्पना इतकी सुबोध आहे, की ती कधी निष्फळ ठरेल असे वाटत नाही. पण ठरते, आणि जालन्यात तर हमखास ठरते. काळ्या मातीची धूळ, जिनिंगच्या दिवसांत हवेत तरंगणारा कापसाचा तंतू आणि आतून येणारी वाफ या तिघांचा बिजागरीत असा काही संगम होतो, की वर्षभरात पट्ट्या अर्ध्या उघड्या अवस्थेत चिकटून बसतात. म्हणजे पंख्याला पुरत्या उघडत नाहीत आणि वाऱ्याला पुरत्या मिटत नाहीत. वर्षातून दोनदा, एकदा मृग लागण्यापूर्वी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, चौकट काढून साबणाच्या पाण्याने धुतली तर हे टळते. तेल मात्र घालू नये. तेल धुळीचे सोयरे आहे. दुसरा दोष बसवण्यातला. चौकट ओळंब्यात हवी. ती बाहेरच्या बाजूस किंचित जरी झुकली तरी पट्ट्या टेकत नाहीत. तिसरा दोष दिशेचा, आणि तो घर बांधतानाच टाळता येतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात वारा पश्चिमेकडून येतो. तेव्हा पश्चिमेच्या भिंतीतल्या पंख्याला वाऱ्याच्या पंधरा-वीस पास्कलांशी रोज झुंज द्यावी लागते. वाऱ्याला समांतर असलेल्या भिंतीत पंखा बसवला तर वारा त्याला रोखण्याऐवजी जाताजाता थोडी ओढच देतो. पण ही ओढ पट्ट्यांनाही उचलते आणि रात्रभर त्यांची खडखड ऐकावी लागते. ज्याला झोप प्रिय आहे त्याने बारीक स्प्रिंगने किंवा चुंबकाने मिटून राहणारी झडप घ्यावी.

याआधी एक गोष्ट तपासावी, कारण तिच्यापायी लोक उगाच नवे सामान आणतात. झरोक्याच्या काचेची एक पट्टी काढून तिथे पंखा बसवला जातो आणि भोवती जी वाटोळी वा त्रिकोणी फट उरते ती थर्मोकोलने, चिंधीने, क्वचित मडगार्डच्या तुकड्यानेही बुजवलेली असते. अशा ठिकाणी झोत पंख्यातून येतच नाही, पंख्याच्या भोवतालून येतो. पुन्हा उदबत्तीच साक्ष देईल. फट सिमेंटने किंवा सिलिकॉनने नीट बुजवावी, आणि मग झडपेचा विचार करावा.

आतल्या बाजूने फळीचे झाकण करून घेणारेही पुष्कळ आहेत. ते वाईट नाही. पण झाकण उघडायला विसरून पंखा सुरू करणारा एक सदस्य प्रत्येक कुटुंबात असतोच. आमच्याकडे तो मी आहे.

खरा घोटाळा याच्या पुढचा आहे. पाच फूट रुंद, सात फूट लांब, नऊ फूट उंच अशा न्हाणीघरात सुमारे नऊ घनमीटर हवा मावते. तासाला अडीचशे घनमीटर हवा फेकतो असे ज्याच्या खोक्यावर छापलेले असते तो पंखा कागदोपत्री ही हवा दोन-सव्वादोन मिनिटांत बदलील. प्रत्यक्षात निम्मे काम झाले तरी स्नानानंतर दहा-पंधरा मिनिटे तो चालू ठेवणे वाफ घालवायला पुरेसे व्हावे. मग भिंतींना बुरशी का धरते? कारण नव्या पद्धतीची प्लॅस्टिकची दारे उंबऱ्याला अशी घट्ट बसतात, की आत हवा यायला जागाच राहत नाही. डब्याला एकच भोक पाडून तेल ओतू पाहणाऱ्या नवशिक्या सुनेला सासू हसते, पण मोठमोठे बंगले बांधणारे लोक न्हाणीघराच्या बाबतीत तेच करतात. पंखा फिरत असताना दार थोडे उघडून पाहावे. त्याचा सूर बदलला, कोंडलेला घर्र आवाज मोकळा झाला, तर समजावे की तो आजवर उपाशी होता. पंचाहत्तर सेंटिमीटर रुंदीचे दार खालून दोन सेंटिमीटर कापले तर दीडशे चौरस सेंटिमीटर वाट मिळते. सहा इंची पंख्याच्या तोंडाला ती जवळपास पुरी पडते. यात आणखी एक लाभ असा, की आत येणारी हवा घरातली, त्यातल्या त्यात उबदार असते, आणि ती जमिनीलगत येत असल्यामुळे ओल्या पाठीला तिचा उपसर्ग होत नाही. वाट आपण ठरवली म्हणजे वारा सभ्य होतो.

ती ठरवली नाही तर तो कुठून येतो, हे सांगण्यासाठी एका मराठी शब्दाचे नाव घेतले पाहिजे. न्हाणीघराच्या जमिनीतल्या, पाण्याने भरलेल्या वाकड्या सांडपाणी-पात्राला हिंदुस्थानभर नळकाम करणारे लोक ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी अशी इंग्रजी पोशाखात देशभर हिंडून आली आहे. त्या पात्रात पन्नास मिलिमीटर खोलीचे पाणी सदैव उभे असते आणि गटारातल्या दुर्गंधी वायूला तेच मज्जाव करते. पन्नास मिलिमीटर पाणी म्हणजे पाचशे पास्कल. घरगुती पंखा जिवाचे रान करूनही ते ओढून काढू शकत नाही. मात्र ऊन काढते. ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा वार लोक कॅलेंडरावर लिहून ठेवतात, निजामी अमदानीत बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावाची पातळी हा जिथे चहाच्या टपरीवरचा विषय असतो, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्याने टँकरच्या मागे रात्री काढल्या, तिथे पाहुण्यांसाठी राखलेल्या न्हाणीघरात महिना महिना पाण्याचा थेंब पडत नाही. पात्र कोरडे पडते; आणि मग दार मिटून पंखा लावला की तो गटारातूनच श्वास घेऊ लागतो. दुर्गंधी घालवण्यासाठी पंखा अधिक वेळ चालवावा तों ती वाढत जाते, आणि घरमालक मोठा पंखा आणायला बाजाराची वाट धरतो! आठवड्यातून एक तांब्या पाणी त्या जाळीत ओतावे. पाणी फारच दुर्मिळ असेल तर वर चमचाभर गोडे तेल सोडावे, म्हणजे ते लवकर उडत नाही. तेल धुळीचे सोयरे असले तरी इथे ते पाण्याचे पांघरूण होते.

इतके त्रास सोसण्यापेक्षा भोक कायमचे लिंपून टाकावे असे ज्यांना वाटते त्यांना मी चैत्रापर्यंत थांबण्याची विनंती करीन. चैत्रात खिडकीला कूलर लागतो. कूलर बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून वा गवताच्या पट्ट्यांतून ओढून घरात रेटतो. तिला बाहेर जायला वाट नसेल तर घर दमट होते, कपाटातले कागद सादळतात आणि कूलर असूनही घाम येतो. अशा वेळी न्हाणीघराचे दार अर्धवट उघडे ठेवावे. पंखा बंद असतानाही झडपेच्या पट्ट्या आपोआप बाहेरच्या बाजूस उचलल्या जातील आणि तीच वाट, जिने पौषात पहाटेची झोप मोडली, ती वैशाखात घरातला दमटपणा बाहेर नेऊन टाकील. हिवाळ्यात मी सतरंजी कोंबलेली ती गच्चीच्या दाराची फटही होळीनंतर मोकळी होते.

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींचा प्रश्न जातीने हाच, फक्त प्रमाणाने मोठा आहे. तिथे पंखा छतात असतो, त्याची नळी पोटमाळ्यातून छपराबाहेर जाते आणि बाहेर शून्याखाली वीस अंश असतात. झडप नीट मिटली नाही तर थंड हवा नळीतून खाली उतरते. आणि नळीला ऊबदार वेष्टण नसेल तर स्नानाची वाफ आतच थिजून, छप्पर गळते की काय अशी शंका यावी इतपत, पाण्याचे थेंब खाली पडू लागतात. वेष्टण, उतार आणि झडप हे तिन्ही तिथे सक्तीचेच समजावे.

सरतेशेवटी एका गोष्टीचा उल्लेख करायचा आहे, आणि तिच्याबाबतीत विनोदाला मुळीच अवकाश नाही. वाफ आणि गारठा यांनी माणूस बेजार होतो. पण न्हाणीघराच्या आत गॅसवर चालणारा गीझर असेल तर तिथे माणसे मरतात, आणि महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांतून दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. स्वयंपाकाचा एक किलो गॅस पुरता जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. साधारण गीझर तासाला जवळजवळ तेवढाच गॅस जाळतो. म्हणजे दहा मिनिटांच्या स्नानात दोन घनमीटर हवा, त्या नऊ घनमीटरांच्या कोंडलेल्या खोलीतून, तो खर्ची घालतो आणि तिच्या जागी जळका वायू सोडतो. हवा अपुरी पडू लागली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो, आणि माणूस गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच खाली बसतो. ‘आमच्याकडे एक्झॉस आहे’ असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच, की दार घट्ट मिटलेले असताना पंखा ज्या हवेच्या शोधात असतो ती त्याला गीझरच्या धुराड्यातूनही मिळू शकते, आणि तसे झाले म्हणजे बाहेर निघालेला जळका वायूच तो पुन्हा आत ओढून घेतो. आणि बंद पंख्याच्या भोकातून वारा उलटा येत असेल तर ज्योत तशीही बिघडतेच.

तेव्हा ज्यांच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे त्यांनी तो बाहेर, उघड्या हवेत, छज्ज्याखाली हलवून घ्यावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. मिस्त्री येईपर्यंत पाणी बादलीत काढून घ्यावे, गीझर बंद करावा, आणि मगच दार लावावे. हे काम पुढच्या हिवाळ्यावर टाकू नये.